हौसाच्या वऱ्हाडाची गाडी

वाघजाईच्या देवळाच्या खालच्या अंगाला, गेल्या पावसाळ्यात दरड येऊन रस्त्याचा कठडा दरीत गेला होता, तिथं साहेबरावाची गाडी कण्हत कण्हत चढत होती. मागं महाडहून भरलेली कौलं होती. वैशाखाचं ऊन बॉनेटवर नाचत होतं. वळण आलं तसा साहेबरावानं हॉर्न दाबला. वरनं उत्तर आलं नाही, म्हणून त्यानं गाडी तशीच घातली. वळण संपतं न संपतं तोच केळीचे खुंट आणि आंब्याचे टहाळे बांधलेला एक जुनाट ट्रक वरनं धडधडत आला आणि कचकन थांबला. दोन्ही गाड्यांच्या तोंडांत चार-पाच हात अंतर उरलं.

"आंधळा हायस का रं?" साहेबराव खिडकीतनं ओरडला. "चढाची गाडी दिसत न्हाई? घे मागं!"

घाटाचा रिवाज सरळ होता. भरलेली गाडी चढणीला लागली की तिला थांबवायचं नाही. उतरणाऱ्यानं मागं सरून वाट द्यायची. त्यात साहेबराव म्हणजे वरंधा घाटातला जुना माणूस. भोर ते महाड त्याच्यासारखा हात कुणाचा नाही असं लोक म्हणायचे, आणि लोक म्हणायचे त्याच्या दुप्पट तो स्वतः मानायचा. वाट सोडणं हे त्याच्या रक्तातच नव्हतं.

समोरच्या ट्रकवरचा ड्रायव्हर सोनबा सारोळ्याचा होता. हमरस्त्यावर ऊस वाहण्यात त्याचा जन्म गेलेला. घाटात तो पहिल्यांदाच आला होता. त्यानं घाबऱ्या घाबऱ्या मागचा गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी मागं जाण्याऐवजी हिसका देऊन पुढं आली, तिरकी झाली, आणि तिचं पुढचं चाक ढासळलेल्या कडेवर जाऊन एका दगडाला तटलं. चार दगड सुटले. ते खाली पोचल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला. हौद्यात दाटीवाटीनं बसलेल्या बायका एकदम किंचाळल्या.

केबिनचं दार उघडून फेटा बांधलेला एक माणूस खाली उतरला. "गाडीवाले, जरा दमानं घ्या, लग्नाची मान्सं—" असं म्हणत तो पुढं आला आणि साहेबरावाचं तोंड बघून जागच्या जागी थांबला.

तो कुंडलिक होता. साहेबरावाच्या बायकोचा थोरला भाऊ, हिरडोशीचा. साहेबरावानं महाडात दुसरा घरोबा केला तेव्हा सगुणाबाई चार वर्षांची पोर काखेला मारून माहेरी निघून आली होती. साहेबराव तिला न्यायला आला, तर कुंडलिकानं भर भोरच्या बाजारात, चार माणसांदेखत, त्याला पायताणानं मारलं. त्या गोष्टीला पंधरा वर्षं होत आली होती. तेव्हापासून साहेबराव हिरडोशीवरनं शेकडो वेळा गाडी घेऊन गेला असेल; पण त्या घराकडं त्यानं एकदा मान वळवली नाही की पोरीसाठी चोळीचा खण धाडला नाही. ते पायताण मात्र त्याच्या पाठीवर रोज नव्यानं बसत होतं.

"तू हायस व्हय," कुंडलिक म्हणाला. आवाजातली अजिजी पार गेली होती.

"म्याच. आन् हे कुनाचं वऱ्हाड?"

कुंडलिकानं तोंड फिरवलं. पण हौद्यातनं एक म्हातारी वाकून ओरडली, "आरं कुंडलिका, काय झालं? गोरज मुहूर्त हाय हौसाचा, हितंच रात करता का?"

हौसा. साहेबरावाची, काखेला मारून नेलेली ती पोर. तो खाली उतरला. गेनबा, त्याचा म्हातारा क्लीनर, न सांगता मागच्या चाकांना दगड लावायला गेला. मालकाची चाल बघूनच त्याला कळलं होतं की आता इथं बराच वेळ जाणार.

"माझ्या पोरीचं लगीन," साहेबराव म्हणाला, "आन् मला सांगावा न्हाई?"

"तुझी पोर?" कुंडलिक बाजूला थुंकला. "तिचा बाप कवाच मेला. पावन्यांना तसंच सांगितलंय. पटकीनं मेला म्हनून."

साहेबराव त्याच्याकडं बघतच राहिला. मग हसला. ते हसणं बघून गेनबाही हातातला दगड तसाच धरून उभा राहिला.

"बरं झालं," साहेबराव म्हणाला. "मंग आज मेलेला बापच येतो मांडवात. गाडी हितंच सोडतो आन् पायी चालत येतो तुज्या आधी. इवाय कोन हाय? त्यांना भेटतो, पाया पडतो, म्हनतो, वळखलं का? पटकीचा म्हसोबा!"

कुंडलिक त्याच्या गळपट्टीला आला. दोघं रेडक्यांसारखे एकमेकांना भिडले आणि कठडा नसलेल्या कडेकडं सरकायला लागले. गेनबा मध्ये पडला. हौद्यातनं दोघेतिघे उड्या टाकून आले आणि त्यांनी कुंडलिकाला मागं ओढलं.

तेव्हा सगुणाबाई खाली उतरली. पदर दोन्ही खांद्यांवरनं घट्ट घेतलेला, चाल शांत. साहेबरावानं तिला पंधरा वर्षांनी बघितलं, आणि पहिलं काय बघितलं तर तिचं कपाळ. ते मोकळं होतं. गळ्यात काळे मणीही नव्हते.

पायताण लागलं तेव्हाही असं लागलं नव्हतं.

"म्या जिता हाय," तो म्हणाला. "जित्या नवऱ्याचं कुकू पुसलंस?"

"कुनाचं पुसायचं ते माझं म्या बगितलं," सगुणाबाई म्हणाली. "रस्ता द्या."

"आन् न्हाई दिला तर?"

"तर हितं बसून ऱ्हाऊ. पोरीचं लगीन मोडलं म्हनून तुमचं नाव घाटाघाटात होईल. न्हाई तरी दुसरं काय मिळवलंय तुमी?"

"हौसाला बोलीव. तिनं मला एकदा आबा म्हनावं. म्या गाडी मागं घेतो."

"न्हाई म्हननार ती."

"तिला इचार!"

"तिला कशाला इचारायचं? म्या सांगते की."

पण हौसा उतरली होती. हळदीनं पिवळी झालेली, बाशिंग काढून हातात धरलेली, उंच अंगाची पोर. तिच्या नाकाची ठेवण साहेबरावाच्या आईची होती. ते बघून तो आणखीच कासावीस झाला. ती दोघांच्या मध्ये आली. साहेबरावाकडं तिनं नीट बघितलं. एखादा मैलाचा दगड वाचावा तसं.

"ड्रायव्हर," ती म्हणाली, "गाडी मागं घ्या. आमाला उशीर होतोय."

एवढंच बोलून ती परत जायला वळली. साहेबरावाच्या अंगाची लाही लाही झाली. हे सगळं मायलेकींनी आणि मामानं घोटून घोटून तयार केलं असणार, असं त्याला वाटलं. तो काहीतरी वाईट बोलणार होता. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात वारा फिरला आणि वऱ्हाडाच्या गाडीकडनं जळका वास आला.

तो वास साहेबरावानं झोपेतसुद्धा ओळखला असता. तो वऱ्हाडाच्या गाडीच्या चाकापाशी जाऊन वाकला. ब्रेकच्या ड्रमवर हात धरवेना, इतकी धग होती. त्यानं केबिनमध्ये चढून ब्रेकवर पाय दिला. पायडल काही न अडता थेट फळीला टेकलं.

"वरनं कुठल्या गिअरमदी आलास?" त्यानं सोनबाला विचारलं.

"तिसऱ्या," सोनबा म्हणाला. "ब्रेक मारत मारत..."

"मारत मारत खलास केलास. आता तो ब्रेक न्हाई, नुस्ता खुळखुळा हाय. माझ्या गाडीपुढं थांबलास तो शेवटचा ब्रेक, आन् आता चाक दगडाला तटलंय म्हनून उभा हायस. न्हाईतर खालच्या वळनाला समदं वऱ्हाड खाली, माझेरीच्या रानात."

"लबाड बोलतोय," कुंडलिक म्हणाला. "मुहूर्त टाळायचाय त्येला."

"मंग बस गाडीत आन् जा!" साहेबराव ओरडला. "म्या देतो वाट. जा, घाल समद्यांना दरीत!"

कुणीच हललं नाही. सोनबानं केबिनमध्ये चढून पायडल दाबून बघितलं आणि तो रडवेला होऊन खाली उतरला. "खरं हाय, मामा," तो कुंडलिकाला म्हणाला. "मी न्हाई चालवायचो आता."

ऊन उतरायला लागलं होतं. खाली वरंध गावची कौलं दिसत होती. तिथंच मांडव होता. साहेबरावानं विडी पेटवली, दोन झुरके घेतले, टाकली. पुढं तो जे बोलला ते का बोलला हे त्याला कधीच नीट सांगता आलं नाही. त्या माणसांवर त्याची माया नव्हती. कुंडलिक दरीत गेला असता तर त्यानं नारळ फोडला असता. पण घाटात आपल्यासमोर गाडी चुकीच्या हातानं खाली जातेय, हे त्याच्यानं बघवलं नसतं. आणि त्या गाडीत ते नाक होतं.

"वऱ्हाड उतरवा," तो म्हणाला. "मान्सं पायवाटेनं जाऊ द्यात, गाडीच्या आधी पोचतील. गाडी म्या खाली नेतो."

"तू?" कुंडलिक म्हणाला. "तुज्या हातात?"

"मेलेल्या मान्साचा हात कापत न्हाई."

आधी त्यानं आपली कौलांची गाडी मागं घेतली. भरल्या वजनानं, उताराकडं पाठ करून, वळणाला वळण देत. गेनबा मागच्या चाकाबरोबर दगड घेऊन पळत होता आणि "येऊ द्या, येऊ द्या, थांबा!" असं ओरडत होता. एका ठिकाणी क्लचचा वास आला आणि गाडी थरथरली, पण साहेबरावानं ती खालच्या रुंद जागेत डोंगराला लावलीच. मग तो वर चालत आला. तोवर बायका पोरं पायवाटेला लागली होती.

"नवरीनंबी उतरावं," तो म्हणाला.

"तुमी चालवताय न्हवं?" हौसा म्हणाली. "मंग म्या बसते."

तिचा भरवसा होता की ती त्याची परीक्षा बघत होती, हे त्याला समजलं नाही. ती बसली म्हणून सगुणाबाई बसली, आणि दोघी बसल्या म्हणून कुंडलिकालाही बसावं लागलं. साहेबरावानं पोरीला डाव्या दाराशी, डोंगराच्या अंगाला बसवायला सांगितलं. मध्ये सगुणाबाई. त्याच्या मांडीला मांडी लावून कुंडलिक.

"हा गिअरचा दांडा सुटतो, सोनबा सांगत व्हता," साहेबराव त्याला म्हणाला. "पहिल्यात टाकला की तू दोनी हातांनी दाबून धरायचा. खाली पोचस्तवर सोडायचा न्हाई. सोडलास तर पुढं म्या काय करू शकनार न्हाई."

ज्याला पायताणानं मारलं त्याच्या हुकमानं कुंडलिकानं दांडा धरला. साहेबरावाला त्याचा भारी आनंद झाला, आणि तो त्यानं लपवला नाही.

कडेवरचं चाक त्यानं मागच्या गिअरात सावकाश आत घेतलं, आणि गाडी सुटली. इंजिन कोंडलेल्या जनावरासारखं गुरगुरत होतं. मुंगीच्या पावलानं पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. सोनबा हातात दगड घेऊन बाजूनं पळत होता. केबिनमध्ये कुणी कुणाकडं बघत नव्हतं. साहेबरावाच्या मनात मात्र एकच चाललं होतं: खाली गेल्यावर काय बोलायचं. तो शब्द जुळवत होता. पाहुणे पुढं येतील, विचारतील. मग तो म्हणेल, मी साहेबराव, नवरीचा बाप, आज मसणातनं उठून आलोय. कुंडलिकाचं तोंड तेव्हा कसं होईल ते त्याला आत्ताच दिसत होतं. त्या नादात वळणं सोपी जात होती.

चौथ्या वळणाला चाक खळग्यात आदळलं. कुंडलिक दरीकडं बघत होता. त्याचे हात ढिले पडले आणि दांडा खाडकन् सुटला. इंजिनचा आवाज एकदम हलका झाला आणि गाडी धावायला लागली.

साहेबरावानं हँडब्रेक ओढला. तो नुसता करकरला. पुढं वळण होतं आणि वळणाच्या पलीकडं नुसतं आभाळ. त्यानं स्टिअरिंगचं चाक डावीकडं, सरळ डोंगराच्या भिंतीकडं फिरवलं.

"मारतोय! समद्यांना मारतोय!" कुंडलिक ओरडला आणि त्यानं दोन्ही हातांनी चाक धरून उलट्या बाजूला, दरीकडं ओढलं.

क्षणभर गाडी दोन माणसांच्या वैरात सापडली. मग सगुणाबाई भावाच्या हातावर पडली. तिनं त्याच्या मनगटाला दात लावले.

"सोड दादा! चालवू दे त्यांना!"

"हौसा, डोकं आत!" साहेबराव ओरडला.

गाडी डोंगराला घासली. मडगार्ड फाटलं, केळीचे खुंट मोडून टपावर पडले, काच फुटून पोरीच्या ओटीत आली. कातळ केबिनच्या कानाशी किंचाळत मागं गेला. मग डावी चाकं कडेच्या चरात उतरली आणि गाडी एका अंगाला कलून थांबली.

रेडिएटर फुसफुसत होता. हौसाच्या गालाला काच लागून रक्ताची बारीक रेघ आली होती. ती हळदीवर उठून दिसत होती. साहेबरावाचा हात खिशातल्या रुमालाकडं गेला. पण त्याच्या आधी सगुणाबाईनं पदरानं ते टिपलं.

"धरतोस का आता दांडा?" साहेबरावानं कुंडलिकाला विचारलं.

कुंडलिकानं मनगटातलं रक्त धोतराला पुसलं आणि दांडा धरला. इंजिन गुरगुरत गाडी चरातनं वर निघाली, आणि घाट उतरेपर्यंत कुंडलिकाच्या हाताच्या शिरा खाली बसल्या नाहीत.

पायथ्याशी, वरंधच्या अलीकडं, पाहुणे खोळंबून उभे होते. पायी आलेलं वऱ्हाड तिथं पोचलं होतं आणि नवरीसाठी झुली घातलेल्या बैलांची गाडी आणली होती. ताशेवाले ताशे तापवत बसले होते. गाडी थांबली तसा नवऱ्या मुलाचा बाप सावळाराम पुढं आला, पायफळीवर चढला आणि साहेबरावाचा हात त्यानं दोन्ही हातांत घेतला.

"लई मोठं काम केलं तुमी," तो म्हणाला. "वऱ्हाडानं सांगितलं ब्रेकचं समदं. कोन म्हनायचं तुमी?"

आता. साहेबरावानं कुंडलिकाकडं बघितलं. कुंडलिकाच्या कानामागनं घाम ओघळत होता. शब्द तर सगळे जुळवलेले होते.

"महाडचा ड्रायव्हर हाय," साहेबराव म्हणाला.

"मंग आता जेवल्याबिगर जायाचं न्हाई! मानाचा टावेल घ्यायचा, पंगतीला बसायचं."

"त्यांना घाई हाय," कुंडलिक घाईघाईनं म्हणाला.

"कुनी सांगितलं?" साहेबराव त्याच्या तोंडाकडं बघत, चवीनं म्हणाला. "घाई न्हाई मला. लगीन बगूनच जाईन म्हनतो. पोर कशी दिसती अंतरपाटामागं, ते बगायला नगं?"

कुंडलिकाचा चेहरा राखेसारखा झाला. साहेबराव त्या चेहऱ्याकडं पोटभर बघत होता. तेवढ्यात हौसा दार उघडून खाली उतरली. डोक्यावरचा पदर सारखा करून ती सासऱ्याला हळू आवाजात म्हणाली, "मामंजी, त्यांची भरलेली गाडी घाटात हाय. जाऊ द्या त्यांना."

साहेबरावाला वाटलं, आता ती वळून बघेल. तिनं बघितलं नाही. ती बैलगाडीकडं चालत गेली, आणि करवल्यांनी तिला मध्ये घेतलं.

सावळारामानं नारळ आणि टॉवेल आणवला. साहेबरावानं दोन्ही घेतलं. न घेऊन करतो काय? कुंडलिक कुणाशीही न बोलता मांडवाकडं गेला. मागं सगुणाबाई राहिली. ती काहीतरी बरं बोलेल असं त्याला वाटलं नव्हतं, तरी तो थांबला.

"ह्ये उपकार म्हनून धरू नका," ती म्हणाली. "परत दाराशी येऊ नका. तिच्या न्हाई, आन् माझ्याबी न्हाई."

"तुज्यासाठी न्हाई केलं म्या."

"ठावं हाय."

"आता तरी सांग त्यांना. कवातरी कळंलच. ह्या रस्त्यावर मला कोन वळखत न्हाई?"

"कळंल तवा बगू. आज नगं."

तिनं पाठ फिरवली. ताशा कडाडला. साहेबराव ट्रकच्या सावलीत उभा राहिला. सोनबा त्याच्या पाया पडायला आला, तर साहेबरावानं त्याला खच्चून शिव्या घातल्या. पुन्हा घाटात दिसलास तर पाय मोडीन म्हणाला. मग पायवाटेनं वर निघाला.

पाऊण चढ चढल्यावर खालून मंगलाष्टकांचे सूर येऊ लागले. शब्द कळत नव्हते. 'सावधान' तेवढं ऐकू आलं. तो थांबला, पण खाली न बघता एका करवंदीच्या जाळीकडं तोंड करून उभा राहिला. ते संपल्यावर टॉवेलानं त्यानं तोंड पुसलं, आणि तो टॉवेल तिथंच जाळीवर टाकला. नारळ मात्र बरोबर घेतला. का, ते त्याला ठाऊक नव्हतं.

गेनबा गाडीच्या पायफळीवर बसून तंबाखू मळत होता.

"पोचलं का सुखरूप?" त्यानं विचारलं.

"पोचलं."

"पोर काय म्हनली?"

साहेबराव उत्तर न देता मागं गेला. चाकाखालचे दगड त्यानं लाथेनं हलवून बघितले.

"असं लावतात व्हय दगड?" तो गेनबावर खेकसला. "गाडी सुटली असती म्हंजे? भरलेली गाडी हाय, थट्टा न्हाई! चल ऊठ, पानी घाल रेडिएटरात."

गेनबा उठला. बादली घेऊन झऱ्याकडं गेला. साहेबराव केबिनमध्ये चढून बसला आणि त्यानं चाकावर दोन्ही हात ठेवले. ते कापत होते. गेनबा परत येईपर्यंत ते थांबावेत म्हणून त्यानं चाक गच्च आवळून धरलं. पण ते थांबले नाहीत.